वाचकांचे प्रश्न : घरचे वाय-फाय आणि भिंतीपलीकडचे कान

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरगुती वाय-फायच्या सुरक्षिततेविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून त्यांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. राउटरच्या सेटिंगमधील शब्द कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे कोणते बटण दाबावे यापेक्षा कोणता पर्याय नेमके काय काम करतो हे सांगण्यावर येथे भर दिला आहे.

प्रश्न : घरातील सर्वजण झोपल्यावरही आमच्या राउटरवरचा दिवा लुकलुकत असतो आणि संध्याकाळी इंटरनेट फार मंदावते. बाहेरचे कोणी आमचे वाय-फाय वापरत असावे अशी शंका येते. हे खात्रीने कसे ओळखावे?

उत्तर : दिव्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपण झोपलेले असलो तरी फोन आपली छायाचित्रे साठवणीच्या जागी पाठवत असतो, टीव्ही नवे अपडेट उतरवून घेत असतो आणि संगणक वेळ जुळवून घेत असतो; उलट ही कामे रात्री व्हावीत अशीच त्यांची योजना केलेली असते. संध्याकाळच्या मंदपणालाही बहुधा साधे कारण असते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे असे जेमतेम तीनच चॅनेल, म्हणजे १, ६ आणि ११ क्रमांकांचे, सोयीने वापरता येतात आणि आसपासच्या घरांतील सगळे राउटर त्या तीन वाटांवर गर्दी करतात. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल, तर जवळची उपकरणे तिकडे वळवून पाहावीत. पुष्कळदा तक्रार तेवढ्यानेच मिटते.

तरीही शंका असेल, तर राउटरचे व्यवस्थापनाचे पान उघडावे. त्याचा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. त्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ही यादी पाहून अनेकजण घाबरतात, कारण तिच्यात अनोळखी नावे दिसतात. अलीकडचे फोन खासगीपणासाठी प्रत्येक नेटवर्कसमोर आपला खरा उपकरण-पत्ता न देता नवा बनवलेला पत्ता देतात, आणि वाय-फायवर चालणारा दिवा किंवा घड्याळ हे त्यातील चिपच्या निर्मात्याच्या नावाने नोंदले जाते. म्हणून घरातील एकेक उपकरण बंद करून यादीतील कोणती नोंद नाहीशी होते ते पाहत जावे. शेवटी एखादी नोंद उरलीच, तर तिचा शोध घेत बसण्याऐवजी पासवर्ड बदलावा. आगंतुक कोणीही असो, तो त्या क्षणी बाहेर पडतो.

या यादीची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. तीत फक्त आत शिरलेले दिसतात. आत न शिरता नुसते ऐकत बसलेल्याची नोंद कुठेही होत नाही, आणि पुढील बहुतेक उत्तरे या गोष्टीभोवतीच फिरतात.

प्रश्न : मी नेटवर्कचे नाव लपवले आहे, घरातील उपकरणांचे मॅक पत्ते नोंदवून फक्त त्यांनाच परवानगी दिली आहे आणि राउटरची प्रक्षेपण-शक्तीही कमी केली आहे. पासवर्ड साधाच ठेवला आहे, कारण या तीन उपायांनंतर त्याची फारशी गरज नाही असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : आपण घेतलेले कष्ट कौतुकास्पद आहेत, पण ते नको त्या ठिकाणी खर्ची पडले आहेत. हे मी काहीशा सहानुभूतीने लिहीत आहे, कारण मीही काही वर्षे घरातील मॅक पत्त्यांची यादी निष्ठेने सांभाळली होती आणि प्रत्येक नवा फोन आला की ती दुरुस्त करीत होतो.

भिंतीला कान असतात ही म्हण वाय-फायच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. राउटरच्या लहरी सर्व दिशांना पसरतात, भिंत ओलांडतात, जिन्यात आणि रस्त्यावर पोहोचतात, आणि त्या ऐकण्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. कोणी ऐकू नये अशी व्यवस्था करणे आपल्या हातात नाही. म्हणून प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा : भिंतीपलीकडच्या माणसाने हवेतून जाणारा प्रत्येक शब्द ऐकला, तरी हा उपाय टिकतो का? आपले तिन्ही उपाय या कसोटीवर उतरत नाहीत.

नाव लपवण्याचे पाहा. राउटर एरवी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली ओळख जाहीर करीत असतो. नाव लपवले की त्या घोषणेतील नावाची जागा रिकामी राहते, घोषणा चालूच राहते. घरातील फोन जोडला जाताना त्याला ते नाव उच्चारावेच लागते आणि ते उघड्या शब्दांत उच्चारले जाते. त्याहून वाईट असे की, राउटर स्वतःहून नाव सांगत नसल्यामुळे आपला फोन जिथे जाईल तिथे ‘अमुक नावाचे नेटवर्क इथे आहे का’ अशी हाक मारत फिरतो. घरात लपवलेले नाव अशा रीतीने गावभर सांगितले जाते.

मॅक पत्ता हा उपकरणाच्या वाय-फाय चिपला दिलेला ४८ बिटांचा क्रमांक असतो. संदेशाचा मजकूर कितीही भक्कम कुलूपबंद केलेला असला, तरी तो संदेश कोणाकडून कोणाकडे जात आहे हे पाकिटावर उघडच लिहावे लागते आणि तिथे हे पत्ते असतात. ऐकणाऱ्याला परवानगी असलेला एक पत्ता मिळाला की तो आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता देऊ शकतो. त्यासाठी एखादी आज्ञा टंकित करणे पुरते. पाहुण्यांची यादी दारावर चिकटवून ठेवायची आणि येणाऱ्याला फक्त नाव विचारायचे, असा हा प्रकार आहे.

प्रक्षेपण-शक्ती कमी केल्याने शेजाऱ्याच्या साध्या फोनला अडचण होईल हे खरे. पण दिशा साधणारा अँटेना वापरणाऱ्याला फरक पडत नाही आणि आपल्याच मागच्या खोलीत मात्र वाय-फाय पोहोचेनासे होते.

हे तिन्ही उपाय काढून टाकले तरी चालेल. नाव लपवण्याऐवजी बदलावे, हे मात्र आवर्जून सुचवतो, आणि नव्या नावात आपले आडनाव, घराचा क्रमांक किंवा राउटरच्या कंपनीचे नाव नसावे. नाव बदलण्याचा आणि पासवर्डच्या ताकदीचा थेट संबंध आहे. तो पासवर्डविषयीच्या उत्तरात येईल.

प्रश्न : सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ असे पर्याय दिसतात. यांतील कोणता निवडावा आणि जुने पर्याय अजून दिलेच का जातात?

उत्तर : डब्ल्यूपीए-३ उपलब्ध असेल तर तो निवडावा; नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि त्यासोबत एईएस ही कूटपद्धत, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची रीत, निवडावी. उरलेल्या दोहोंकडे पाहू नये. जुने पर्याय केवळ जुनी उपकरणे चालावीत म्हणून ठेवलेले असतात.

त्यांच्यामागचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये आले आणि डब्ल्यूईपी त्याचाच भाग होते. त्यातील मूळ किल्ली ४० बिटांची होती, कारण त्या काळात अमेरिकेतून बलवान कूटपद्धती निर्यात करण्यावर निर्बंध होते. प्रत्येक संदेशासाठी या किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. असे वेगळे आकडे होऊन होऊन १,६७,७७,२१६ होतात, आणि वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपून पुन्हा तेच वापरात येतात. २००१ मध्ये स्कॉट फ्लुरर, इत्झिक मॅन्टिन आणि आदि शमीर यांनी त्यामागच्या कूटपद्धतीतील मूलभूत दोष दाखवून दिला. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी डब्ल्यूईपीची लांब, १०४ बिटांची किल्लीही मिनिटभरात काढून दाखवली. तेव्हा डब्ल्यूईपी लावलेले नेटवर्क उघडे आहे असेच समजावे.

२००३ मधील डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. जुन्याच यंत्रांवर चालावे म्हणून तिच्यात जुनीच कूटपद्धत सावरून वापरली होती. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले आणि एईएस रूढ झाले. डब्ल्यूपीए-३ हे २०१८ चे आहे. पासवर्डच्या बाबतीत ते नेमके काय सुधारते हे पुढच्याच उत्तरात पाहू.

प्रश्न : पासवर्ड किती लांब असावा? आम्ही फोन क्रमांक ठेवला आहे, कारण तो कोणी विसरत नाही. चुकीचा पासवर्ड काही वेळा टाकला की राउटर आपोआप अडवत असेलच ना?

उत्तर : या पत्रातील शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण बहुतेकांची समजूत अशीच असते. बँकेच्या यंत्रासमोर तीनदा चुकणाऱ्याला यंत्र अडवते, तसे येथे होईल असे वाटते. डब्ल्यूपीए-२ मध्ये तसे होत नाही, कारण हल्ला करणाऱ्याला अंदाज तपासण्यासाठी आपल्या राउटरला विचारावेच लागत नाही.

आपला फोन राउटरशी जोडला जाताना दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड कोणीच उच्चारत नाही, पण दोघांनाही तो ठाऊक आहे याची खात्री एकमेकांना पटवली जाते. भिंतीपलीकडचा माणूस हे संदेश टिपून घेतो. फोन जोडला जाण्याची वाट पाहण्याचीही त्याला गरज नसते. डब्ल्यूपीए-२ मध्ये ‘तुटा’ असा खोटा संदेश राउटरच्या नावाने पाठवता येतो, बिचारा फोन तुटतो आणि लगेच पुन्हा जोडला जातो. एवढे टिपले की तो घरी जातो. त्यानंतर एकेक संभाव्य पासवर्ड घेऊन ‘हा असता तर हे संदेश असेच झाले असते का’ हे तो आपल्या संगणकावर तपासत बसतो. आपल्या राउटरला याचा पत्ताही नसतो.

प्रमाण ठरवणाऱ्यांनी हा हिशेब मुद्दाम जड केला आहे. प्रत्येक अंदाजासाठी एक गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा करावी लागते आणि तिच्यात नेटवर्कचे नावही मिसळले जाते. नाव वेगळे असले की एकाच पासवर्डची किल्ली वेगळी बनते. ज्या नावांनी राउटर कारखान्यातून लाखोंनी बाहेर पडतात, त्या नावांसाठीचे तयार तक्ते मात्र आधीच करून ठेवता येतात. नाव लपवू नये पण बदलावे असे वर म्हटले ते यासाठी.

आता फोन क्रमांकाकडे वळू. चित्रे काढण्यासाठी बनवलेली बलवान ग्राफिक्स कार्डे या कामात तरबेज असतात. असे एक कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज तपासते असे धरू, आणि आजच्या चांगल्या कार्डाच्या बाबतीत हा आकडा फुगवलेला नाही. दहा अंकी क्रमांकांचे सगळे पर्याय मिळून १,००० कोटी होतात, म्हणजे सगळे तपासायला पावणेतीन तास पुरतात. आठ अंकी पासवर्डला शंभर सेकंद लागतात. जन्मतारखेची तर गोष्टच सोडा. शंभर वर्षांतील तारखा ३६,५२५ च्या आसपास आहेत, त्यामुळे तिला लागणारा वेळ मोजण्यातही अर्थ नाही.

उपाय अवघड नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो, आणि ही लांबी वापरावी. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहावेत. शब्द मनाने निवडू नयेत, कारण मन नेहमीच्या वाटेने जाते. जाड शब्दकोश न पाहता उघडून बोट ठेवावे किंवा फासे टाकावेत. फाशांच्या रूढ पद्धतीत पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द निवडतात. अशा चार शब्दांचे सगळे पर्याय तपासायला वर धरलेल्या कार्डाला सुमारे ११६ वर्षे लागतील. एखाद्याने शंभर कार्डे लावली तर ते वर्षावर येईल, हे खरे. पण पाचवा शब्द जोडला की एका कार्डासाठी तो काळ ९ लाख वर्षांवर जातो, आणि पाच शब्द लक्षात ठेवणे कोणालाही जमते. प्रसिद्ध कवितेची ओळ किंवा म्हण मात्र नको. ती लांब असली तरी अंदाज करणाऱ्यांच्या याद्यांत असू शकते.

मराठी वाचकांसाठी एक खास सूचना. या प्रमाणात पासवर्ड रोमन अक्षरे, अंक आणि साधी चिन्हे यांचाच गृहीत धरला आहे. देवनागरीतील पासवर्ड काही राउटर नाकारतात आणि काही स्वीकारून नंतर फोनला जोडू देत नाहीत. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिणे उत्तम. एकाच शब्दाची स्पेलिंगे अनेक होतात, हा थोडासा वरचा लाभ समजावा. मात्र आपली नेहमीची स्पेलिंग कुठेतरी लिहून ठेवावी, नाहीतर ‘ज्ञ’ कसा लिहिला होता यावर घरात वाद होतो.

डब्ल्यूपीए-३ मध्ये ही घरी नेऊन फोडण्याची सोयच काढून टाकली आहे. तिथे प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, म्हणून पत्रलेखकाच्या मनातील चित्र तिथे बरेचसे खरे ठरते. त्यातही २०१९ मध्ये काही दोष सापडले आणि ते अपडेटने दुरुस्त करावे लागले. तेव्हा डब्ल्यूपीए-३ आहे म्हणून आखूड पासवर्ड ठेवू नये.

प्रश्न : राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचे बटण आहे. ते दाबले की पासवर्ड न टाकताच उपकरण जोडले जाते. ही सोय वापरावी का?

उत्तर : बटणाची आणि पिनची अशा दोन सोयी या नावाखाली असतात. बटण दाबल्यावर साधारण दोन मिनिटे दार उघडे राहते आणि ते दाबायला माणूस घरात असावा लागतो, म्हणून त्यातला धोका मर्यादित आहे. पिनची सोय मात्र घातक आहे. आठ अंकी पिनचे १० कोटी पर्याय दिसतात, पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासून पहिला भाग बरोबर आहे की नाही हे सांगून टाकतो. स्टेफान फीबॉक यांनी २०११ च्या डिसेंबरात दाखवून दिले की त्यामुळे पहिल्या भागाचे १०,००० आणि दुसऱ्याचे १,००० असे ११,००० प्रयत्नच पुरतात. हे काम काही तासांचे आहे आणि पिन सापडली की राउटर आपण होऊन पासवर्ड देतो, मग तो पाच शब्दांचा असला तरी. अनेक चुकांनंतर काही राउटर पिन काही काळ बंद करतात. पण त्या भरवशावर न राहता डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करणे बरे.

प्रश्न : जोडणी करून देणाऱ्या माणसाने वाय-फायचा पासवर्ड लिहून दिला, पण व्यवस्थापनाच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो हे मला आजच कळले. तो बदलणे खरोखर आवश्यक आहे का? आत शिरल्याशिवाय ते पान कोणाला दिसणारच नाही ना?

उत्तर : आवश्यक आहे. वाय-फायचा पासवर्ड हे दाराचे कुलूप मानले, तर व्यवस्थापनाचा पासवर्ड ही कुलूप बदलण्याची किल्ली आहे, आणि पुष्कळ घरांत ती कारखान्यातून आली तशीच असते. कारखान्यातील वापरनाव-पासवर्ड जोड्या इंटरनेटवर सर्वांना खुल्या आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रामने कॅमेरे, चित्रण साठवणारी यंत्रे आणि राउटर यांच्यावर साठेक ठरीव वापरनाव-पासवर्ड जोड्या लावून पाहिल्या. एवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली आणि त्यांच्या साहाय्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. ज्यांची यंत्रे वापरली गेली, त्यांतील बहुतेकांना ते कळलेही नसेल.

‘आत शिरल्याशिवाय’ हा आपला आधारही पुरेसा नाही. काही राउटरमध्ये दुरून व्यवस्थापन करण्याची सोय चालू असते. ती असल्यास हे पान थेट इंटरनेटवरून उघडते, म्हणजे लहरींच्या टप्प्यात येण्याचीही गरज उरत नाही. ती सोय बंद करावी. घरातील उपकरणांना राउटरमध्ये परस्पर वाट उघडू देणारी यूपीएनपी ही सोयही विशेष गरज नसल्यास बंद ठेवावी.

या पानावर कोणी ताबा मिळवला तर तो फुकट इंटरनेट वापरून थांबेल असे नाही. राउटर आपल्या सर्व उपकरणांना संकेतस्थळांच्या नावावरून पत्ता सांगणारी नोंदवही, म्हणजे डीएनएस, कोणती वापरायची हे सांगत असतो. ती नोंद बदलली की आपण बँकेचे नाव अचूक टाइप करूनही भलत्याच जागी पोहोचू शकतो. अशा वेळी संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नसल्याची सूचना ब्राउझर देतो. ती सूचना सवयीने पुढे ढकलू नये.

राउटरच्या आतील प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात आणि त्याचे अपडेट हा या सगळ्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठातील माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या जोडणीतील एक दोष जाहीर केला. त्यातून पासवर्ड उघड होत नव्हता, पण काही संदेश वाचता येत होते. म्हणून पासवर्ड बदलून काहीही साधले नसते आणि फोन, संगणक व राउटर यांचे अपडेट हाच उपाय होता. पुढे मे २०१८ मध्ये किमान ५ लाख राउटर व साठवण-यंत्रे व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रामने बाधित झाल्याचे उघड झाले. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचे आवाहन केले होते, तरी त्या प्रोग्रामचा एक भाग त्यानंतरही टिकून राहत असे आणि तो घालवायला राउटर कारखान्यातील स्थितीला न्यावा लागे. स्वयंचलित अपडेटचा पर्याय असल्यास तो चालू करावा. निर्मात्याने अपडेट देणेच थांबवले असेल, तर राउटर धडधाकट दिसला तरी तो बदलण्याच्या लायकीचा झाला आहे.

प्रश्न : घरी येणारे सर्वजण वाय-फायचा पासवर्ड मागतात. नाही म्हणणे बरे दिसत नाही. काय करावे?

उत्तर : नाही म्हणू नये, गेस्ट नेटवर्क द्यावे. बहुतेक नव्या राउटरमध्ये ही सोय असते. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक, प्रिंटर आणि साठवणीची यंत्रे त्यांना दिसत नाहीत. त्यासाठी पाहुण्यांना एकमेकांपासून व घरच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवण्याचा पर्याय चालू आहे याची खात्री करावी. पाहुण्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचा प्रश्नच नाही. त्यांचा फोन कोणत्या अवस्थेत आहे हे त्यांनाही ठाऊक नसते, आणि एकाकडे गेलेला पासवर्ड त्याच्या फोनमधून आणखी कोठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय डब्ल्यूपीए-२ मध्ये ज्याला पासवर्ड ठाऊक आहे, तो इतरांच्या जोडणीचे संदेश टिपून त्यांची हवेतील वाहतूक उलगडू शकतो. संकेतस्थळांचा मजकूर आज बहुतेक ठिकाणी एचटीटीपीएसने वेगळा झाकलेला असतो, म्हणून आपली पत्रे किंवा बँकेचे व्यवहार वाचले जातील असे नाही. पण आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो याचा माग बऱ्याच अंशी लागतो.

पासवर्ड सांगण्याऐवजी क्यूआर चौकट दाखवली की पासवर्ड गुप्त राहतो, हा एका पत्रातील समज चुकीचा आहे. त्या चौकटीत नाव आणि पासवर्ड उघड मजकुराच्या रूपात असतात. दिवाणखान्यात ती टांगायची असेल, तर गेस्ट नेटवर्कचीच टांगावी.

मला विचाराल तर कॅमेरे, वाय-फायवरचे दिवे आणि टीव्ही यांनाही पाहुणेच समजावे. यांना अपडेट क्वचित मिळतात, आणि आपल्या संगणकाशी बोलण्याची यांना सहसा गरज नसते. टीव्हीवर फोनमधील चित्र दाखवायचे असेल तर दोघे एकाच नेटवर्कवर असावे लागतात, एवढी अडचण यात आहे. ती कितपत सोसायची हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रश्न : रात्री राउटर बंद ठेवल्याने सुरक्षितता वाढते का?

उत्तर : बंद राउटरवर कोणी हल्ला करू शकत नाही, एवढाच त्याचा लाभ. आपण ज्या वेळी जोडलेले असता, त्याच वेळी ते चार संदेश टिपता येतात, म्हणून दिवसाचा धोका तसाच राहतो. अनेक राउटर अपडेट रात्री घेतात, तेही हुकते. घराबाहेर काही दिवस राहणार असाल तर मात्र बंद करून जावे.

प्रश्न : आपण सुचवता तसे सगळे बदलायचे ठरवले, पण एकदा असा प्रयत्न केला तेव्हा जुना प्रिंटर आणि टीव्ही जोडले जाईनात. शेवटी सगळे पूर्ववत केले. याला काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, पण एक सुट्टीची सकाळ राखून ठेवावी. आधी राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करावे आणि व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलून कागदावर लिहून ठेवावा. हा कागद घरात ठेवण्यात काहीही गैर नाही. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला कपाटातील वही वाचता येत नाही. मग डब्ल्यूपीएस आणि दुरून व्यवस्थापन बंद करून नाव व वाय-फायचा पासवर्ड बदलावा. शक्यतो हे काम तारेने जोडलेल्या संगणकावरून करावे, नाहीतर नाव बदलताक्षणी आपणच बाहेर फेकले जातो.

जुनी उपकरणे अडली, तर त्यांना बहुधा डब्ल्यूपीए-३ समजत नसते. दोन्ही प्रमाणे चालू देणारा मिश्र पर्याय बहुतेक राउटरमध्ये असतो, पण त्यात जुन्या पद्धतीने जोडल्या जाणाऱ्या उपकरणाचे चार संदेश टिपता येतात आणि नेटवर्कचा पासवर्ड तर एकच असतो. त्यापेक्षा मुख्य नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर ठेवून, जुन्या उपकरणांसाठी गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए-२ वर चालवावे आणि त्याचा पासवर्ड वेगळा पण तितकाच लांब असावा. राउटर दोघांना वेगळे प्रमाण देऊ देत नसेल, तर सर्वत्र डब्ल्यूपीए-२, एईएस आणि पाच शब्द एवढ्यावर निर्धास्त राहता येते. प्रिंटरमध्ये पाच शब्द बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर निवडून भरावे लागतील आणि तेव्हा माझी आठवण फार चांगल्या शब्दांत निघणार नाही, याची मला कल्पना आहे. प्रिंटरला तारेचे तोंड असेल, तर त्याला सरळ तारेने जोडावे आणि तेवढे अक्षरांचे श्रम वाचवावेत.